उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय?

एका हाताने दान, दुसऱ्या हाताने गुंतवणूक. पण हे दोन हात एकमेकांच्या विरोधात काम करत असतील तर? तुमच्या-माझ्यासारख्या पगारदारांचा हा प्रश्न जगातल्या बड्या बड्या फाउंडेशन्सनाही छळत आलाय.

दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या मोबाइलवर दोन एसएमएस येतात. पहिला पाच हजारांच्या एसआयपीचा, दुसरा पाचशे रुपयांच्या देणगीचा. देणगी जाते कॅन्सर पेशंट्सना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेला. कारण घरचंच आहे. २०१९ मध्ये बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी तीस वर्षं रोज एक पाकीट सिगरेट. आता ते पाटीवर लिहून बोलतात.

मागच्या महिन्यात टॅक्सचे कागद जमवताना सहज म्हणून म्युच्युअल फंडाची फॅक्टशीट उघडली. टॉप टेन कंपन्यांची यादी. बँक, बँक, सॉफ्टवेअर, तेल... आणि सहाव्या नंबरावर चक्क सिगरेट बनवणारी कंपनी! म्हणजे पाचशे रुपये मी कॅन्सरशी लढायला देत होते आणि पाच हजारांतला एक तुकडा मला सिगरेटच्या धंद्यात भागीदार करत होता.

एजंटला फोन लावला. ‘अहो मॅडम, मंदीतसुद्धा न पडणारा शेअर आहे, डिव्हिडंड मस्त देतो. तुम्ही फक्त रिटर्न्स बघा ना!’ खरं सांगायचं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दुसरं काही बघा असं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

पत्रकाराचा किडा गप्प बसू देत नाही. खोदायला लागले, तर कळलं की हाच घोळ कोट्यवधी डॉलर्स बाळगणाऱ्या फाउंडेशन्सच्या घरातही आहे. त्यातल्या काहींनी तो निस्तरलाय, आणि कसा निस्तरला ते आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखं आहे.

पाच टक्क्यांचा फंडा

आधी गणित समजून घेऊ. एखादा गडगंज माणूस मोठी रक्कम बाजूला काढून फाउंडेशन स्थापन करतो. ही रक्कम म्हणजे कॉर्पस. ती खर्चायची नाही, शेअर्स, बाँड्स, फंड्समध्ये गुंतवायची आणि येणाऱ्या उत्पन्नातून देणग्या द्यायच्या. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावीच लागते. या नियमाचं मूळ १९६९ च्या करसुधारणा कायद्यात आहे. आपण फोटो पाहतो, बातम्या वाचतो, त्या या ५ टक्क्यांच्या. उरलेले ९५ टक्के बाजारात असतात.

गंमत म्हणजे हे दोन पैसे दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. एका खोलीत शाळा, लसी, पाणी यांवर काम करणारी मंडळी. दुसऱ्या खोलीत गुंतवणूक समिती आणि बाहेरून नेमलेला इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर. पहिल्या खोलीला विचारतात, ‘किती मुलं शाळेत गेली?’ दुसरीला विचारतात, ‘किती टक्के मिळाले?’ मधला दरवाजा बंद.

जानेवारी २००७ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने हा दरवाजा जगासमोर उघडला. नायजेरियातल्या नायजर नदीच्या खोऱ्यात गेट्स फाउंडेशनचा पैसा पोलिओ आणि गोवराच्या लसीकरणाला जात होता. त्याच वेळी फाउंडेशनची गुंतवणूक ज्या तेल कंपन्यांत होती, त्यांच्या विहिरींवर पेटणाऱ्या वायूच्या धुराने मुलांना श्वासाचे आजार होतात, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. तंबाखू कंपन्यांपासून फाउंडेशन लांब होतं. पण एक वस्तू वगळली म्हणजे प्रश्न मिटला असं होत नाही, हे त्या बातमीने दाखवलं.

आर्चबिशपची पंचाईत

माझ्या फॅक्टशीटसारखा किस्सा मला इंग्लंडमध्ये सापडला. जुलै २०१३. चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ‘वोंगा’ नावाच्या कंपनीवर तोफ डागली. पगार होईपर्यंत चार पैसे उसने देणारी ही कंपनी वर्षाच्या हिशोबाने ५००० टक्क्यांहून जास्त व्याज लावायची. आम्ही पतपेढ्यांना बळ देऊ आणि स्पर्धा करूनच तुम्हाला धंद्यातून बाहेर काढू, असं त्यांनी सुनावलं. सगळीकडे वाहवा झाली.

दुसऱ्याच दिवशी बातमी आली, की चर्चचा पैसा वोंगातच आहे!

रक्कम किती? चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या ‘चर्च कमिशनर्स’कडे तेव्हा सुमारे साडेपाच अब्ज पौंड होते. त्यातले जेमतेम ७५ हजार. पण ते तिथे गेले कसे? चर्चने वोंगाचा शेअर कधी विकत घेतलाच नव्हता. पैसा दिला होता नव्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या एका फंडात, आणि त्या फंडाने इतर कंपन्यांसोबत वोंगाही उचलली होती. ही लाजिरवाणी गोष्ट असल्याची कबुली आर्चबिशपनी उघडपणे दिली. त्यातून बाहेर पडायला पुढचं जवळजवळ वर्ष गेलं. २०१४ मध्ये सुटका झाली, तीही नफा न घेता.

माझं आणि आर्चबिशपचं दुखणं सेम टू सेम. आम्ही कोणीच चुकीची कंपनी निवडली नव्हती. आम्ही निवड दुसऱ्यावर सोपवली होती, आणि सोपवताना काय नको ते पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

सगळा खेळ एका कागदाचा

ही साखळी लांब असते. विश्वस्त, त्यांची गुंतवणूक समिती, मग ॲडव्हायझर, त्याने निवडलेले फंड मॅनेजर आणि शेवटी कंपन्या. विश्वस्तांच्या मनातली गोष्ट इतक्या पायऱ्या उतरून खाली पोचायची, तर ती लिहून द्यावी लागते. त्या कागदाला म्हणतात ‘इन्व्हेस्टमेंट पॉलिसी स्टेटमेंट’. पूर्वी त्यात असायचं किती जोखीम, किती परतावा, किती रोख हाताशी. आता काही फाउंडेशन्स त्यात आपलं ध्येयही लिहितात. काय अजिबात नको, काय मुद्दाम हवं, कंपनीच्या सभेत आपलं मत कोणत्या बाजूने टाकायचं, आणि ॲडव्हायझरने दर तीन महिन्यांनी परताव्यासोबत आणखी कशाचा हिशोब द्यायचा.

न्यूयॉर्कच्या हेरॉन फाउंडेशनने ही वाट फार लवकर धरली. गरिबी हटवणं हे त्यांचं काम. १९९०च्या दशकात विश्वस्तांच्या लक्षात आलं, की मीटिंगचा बराचसा वेळ गुंतवणुकीच्या चर्चेत जातो आणि गरिबी शेवटी कुठेतरी. मग आपण फाउंडेशन आहोत की वरकड पैसा दान करणारी गुंतवणूक कंपनी, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. २०१२ मध्ये त्यांनी ठरवलं, की सगळाच्या सगळा, म्हणजे १०० टक्के कॉर्पस ध्येयाच्या कसोटीला लावायचा.

तेलाचा पैसा, तेलाला रामराम

पण या विषयातली सगळ्यात गाजलेली गोष्ट रॉकफेलर ब्रदर्स फंडाची. हे नाव आपल्यालाही परकं नाही. विनोबा भावे (१९५८), बाबा आमटे (१९८५), प्रकाश आणि मंदाकिनी आमटे (२००८) यांना मिळालेला मॅगसेसे पुरस्कार १९५७ मध्ये याच फंडाच्या पैशातून सुरू झाला. आणि रॉकफेलर घराण्याचा पैसा कुठून आला? तेलातून.

हवामान बदलाविरुद्ध काम करणाऱ्यांना हा फंड देणग्या देत होता आणि कॉर्पसमध्ये तेल-कोळसाही होता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आम्ही यातून बाहेर पडतोय. फंडाची मालमत्ता तेव्हा ८६ कोटी डॉलर्सच्या आसपास होती. एका क्लिकवर हे होणारं नव्हतं. बराच पैसा अशा फंड्समध्ये होता जिथे इतर गुंतवणूकदारही होते, एकट्यासाठी यादी बदलत नाही आणि मुदतीआधी पैसे निघत नाहीत. त्यामुळे त्यांनी पायऱ्या ठरवल्या. पहिलं लक्ष्य कोळसा आणि सर्वांत घाणेरडं ‘टार सँड्स’ तेल, हे २०१४ च्या अखेरीपर्यंत एकूण गुंतवणुकीच्या एका टक्क्याखाली आणायचं. बाकीचं टप्प्याटप्प्याने. गुंतवणूक सांभाळायला बाहेरची सल्लागार कंपनी होती आणि तिला हा उद्देश पाळूनच परतावा कमवायचा होता. पुढच्या पाच वर्षांचा ताळेबंद फंडाने स्वतःच मांडला. त्यानुसार परतावा तुलनेच्या निर्देशांकापेक्षा जास्तच निघाला. दर वेळी असंच होईल याची गॅरंटी मात्र कोणी देत नाही.

आणि रिटर्न्स कमी आले तर?

ॲडव्हायझर लोकांचा हा ठरलेला प्रश्न, आणि तो रास्त आहे. कमी परतावा म्हणजे उद्या कमी देणग्या. इंग्लंडमध्ये पर्यावरणासाठी काम करणारे दोन ट्रस्ट हाच प्रश्न घेऊन हायकोर्टात गेले. एप्रिल २०२२ च्या निकालाने सांगितलं, की ध्येयाशी भांडणारी गुंतवणूक विश्वस्त टाळू शकतात, पण होणारं आर्थिक नुकसान आणि इतर बाजू नीट तोलून. डोळे झाकून नाही.

दुसरा आक्षेपही खरा आहे. मी शेअर विकला तर तो दुसरं कोणीतरी घेणार, कंपनीचं लगेच काय बिघडलं? म्हणून काही फाउंडेशन्स नुसतं विकत नाहीत, हवं तिथे मुद्दाम पैसा घालतात. फोर्ड फाउंडेशनने २०१७ मध्ये आपल्या सुमारे १२ अब्ज डॉलर्समधला एक अब्ज दहा वर्षांत असा गुंतवायचं ठरवलं. परवडणारी घरं आणि गरीब माणसापर्यंत पोचणाऱ्या आर्थिक सेवा, ही सुरुवातीची क्षेत्रं.

आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टांना एवढी मोकळीक नाही. पैसा कुठे ठेवायचा, याची यादीच आयकर कायदा देतो. सरकारी रोखे, बँकेच्या ठेवी, पोस्टाच्या योजना वगैरे. पण तुमच्या-माझ्या एसआयपीला अशी यादी कुणी लावलेली नाही. म्हणजे सबबही नाही!

परवा रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते आयुष्यभर बँकेत होते, आकड्यांशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाटीवर लिहिलं, ‘रिटर्न किती?’ मी म्हटलं, ‘तेरा टक्के मिळालेत बाबा, वाईट नाहीत.’ त्यांनी पाटी पुसली. जरा वेळाने पुन्हा लिहून माझ्यासमोर धरली.

‘माझ्या ऑपरेशनचा खर्च वजा केलास का?’

सकाळी एजंटला पुन्हा फोन केला. या वेळी प्रश्न लिहून घेऊन बसले होते.

फोन करण्याआधी लिहून ठेवा

• माझ्या फंडातल्या सगळ्या कंपन्यांची यादी कुठे मिळेल? (टॉप टेनवर थांबू नका. फंड कंपन्या दर महिन्याला पूर्ण यादी जाहीर करतात.)
• मला अमुक एक धंदा नको असेल, तर तो वगळणारा पर्याय आहे का? (इंडेक्स फंडात वगळता येत नाही. निर्देशांकात जे आहे ते घ्यावंच लागतं.)
• बदललं तर खर्च किती, टॅक्स किती, जोखीम किती वाढेल?
• तुमचं कमिशन कोण देतं? फंड कंपनी की मी?
• माझं ‘नको’ आणि ‘हवं’ तुम्ही लेखी घ्याल का?