बॅटरीलाही पंखा लागणारी गाडी

१९७२ साली जॅग्वारने एक्सजे-१२ आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली ५.३ लिटरचं, बारा सिलिंडरांचं इंजिन इतकं ठासून बसवलेलं होतं, की बॅटरी तापू नये म्हणून तिला स्वतःचा छोटा विजेचा पंखा द्यावा लागला. बॅटरीला पंखा! पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. साधारण तेवढाच पाण्यातून काढावा लागतो, उरलेला धुरासोबत जातो. त्यात या इंजिनाचा ब्लॉक आणि दोन्ही हेड अ‍ॅल्युमिनियमचे. ते फार तापले, तर हेडमध्ये दाबून बसवलेल्या व्हॉल्व्हच्या सीट सैल होऊन निखळू शकतात. म्हणून काटा वर चढला की गाडी तिथेच थांबवायची.

मग कारण शोधायचं. जाणता मेकॅनिक आधी विचारतो, गाडी तापते कधी? सिग्नलला उभी असताना तापत असेल, तर हवा कमी पडते आहे. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला मात्र रेडिएटरच्या पंख्याचाच आधार. या पंख्याच्या जोडात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. वर्षानुवर्षांत ते झिरपून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही.

हायवेवर तापत असेल, तर संशय पाण्याच्या वाटेवर. रेडिएटरच्या नळ्यांत गाळ बसलेला असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवताना मध्येच थंड पट्टा लागला, तर तिथून पाणीच जात नाही. कधी खालचा होजपाइप पंपाच्या ओढीने आतल्या आत चपटा होतो आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल! एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्या दोघांमधल्या फटीत पानं, धूळ, किडे भरतात आणि समोरून सगळं स्वच्छ दिसतं. रेडिएटर उतरवून पाहावाच, असं माझं ठाम मत आहे.

काही वेळा रोग पाण्यात नसतोच. डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्युम यंत्रणा अडकली की ठिणगी उशिरा पडते, जळणं लांबतं आणि एरवी चाकं फिरवणारी उष्णता हेडमध्ये उतरते.

मला सगळ्यात थक्क करतो तो थर्मोस्टॅट. धातूच्या डबीतलं मेण वितळून फुगतं आणि त्या जोरावर झडप उघडते. वीज नाही, तार नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसोबत सोडला, तर झडप उघडताना डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे गाडी तापली की तो काढून टाकायची सवय आहे. या इंजिनाला ती घातक ठरते. इंजिन थंड असताना पाणी एका आडवाटेने आतल्या आत फिरतं. थर्मोस्टॅट उघडताना त्याच्याच मागची चकती ही आडवाट बंद करते. तोच काढला की आडवाट उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटर चुकवून परत येतं आणि इंजिन जास्त तापतं!

कूलंटच्या टाकीचं झाकणही तपासावं. प्रेशर कुकरसारखा दाब धरूनच ते उकळी लांबवतं. वातावरणापेक्षा एक बार जादा दाबाखाली साधं पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. रबर कडक झालेलं झाकण हा दाब धरत नाही. गरम इंजिनावर मात्र ते कधीच उघडू नये.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवायचं आणि हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे अडकलेली हवा वर येऊन निघते. इंजिन गार झाल्यावर पातळी थोडी उतरलेली दिसली, तर हवेची जागा पाण्याने घेतली, भर घालायची. रोजच उतरत राहिली आणि बाहेर कुठे गळतीही नसेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तपासणीचं निळं द्रव टाकीच्या तोंडावर धरायचं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात मिसळत असेल, तर ते पिवळं पडतं.