इंधन फिल्टर : मालकाच्या हातातून टाकीच्या पोटात

इंधन फिल्टर टाकीतला गंज, धूळ आणि पेट्रोल पंपावरून आलेला गाळ अडवतो व स्वच्छ इंधन इंजिनकडे सोडतो. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत तो टाकीच्या आत, पंपाला जोडूनच असतो आणि देखभालीच्या तक्त्यात अनेकदा त्याचे नावही नसते. २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर रूढ झाले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या टाकीत चिकटून बसलेला थर सुटा करते. फिल्टरवर लक्ष ठेवण्याची गरज वाढली, पण तोवर तो मालकाच्या हाताबाहेर गेला होता.

अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पंपातली व कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढायची, पेट्रोलने धुवायची आणि परत बसवायची, एवढेच काम असे. घाटात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली की त्यावर ओले फडके टाकून गाडी निवेपर्यंत थांबायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. गाडी स्वतः चालवणारा आणि स्वतःच सांभाळणारा पगारदार मालक तिच्यामागोमाग वाढत गेला.

या मालकाचे खरे दशक नव्वदचे. आत कागदी घडी असलेला पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर तेव्हा सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात किरकोळ पैशांत मिळे. तो बदलायला एक पकड, एक स्क्रूड्रायव्हर आणि जुने फडके पुरे. इंजिन गार असताना बॅटरीची ऋण बाजूची तार काढायची, टाकीचे झाकण उघडून आतला दाब सोडायचा आणि आसपास विडी-काडी पेटणार नाही याची खात्री करायची. खाली डबा धरून क्लिपा सैल करायच्या व रबरी पाईप न ओढता पिळून सोडवायचा. नव्या फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे ठेवायचा. चिरलेला पाईप त्याच वेळी बदलायचा. मग क्लिपा आवळून, तार जोडून कार्ब्युरेटर भरेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारायचा आणि सांध्यांतून गळती होते का ते पाहायचे. हे काम अर्ध्या तासाचे होते.

यातला पैशाचा फायदा दुय्यम होता. उतरवलेला फिल्टर टाकीची आणि पेट्रोल पंपाची खरी हकीकत सांगे. तांबूस भुकटी म्हणजे टाकीचा पत्रा गंजलेला, तळाशी वेगळा थेंब म्हणजे पाणी, काळपट गाळ म्हणजे पंपावरची अस्वच्छता. चढावर गाडी झटके देत असेल, तर दोष इंधनाचा की इंजिनाचा हे कारागिराकडे जाण्याआधीच कळे. बिलात लावलेला फिल्टर खरोखर बदलला की नाही, हेही बॉनेट उघडताच दिसे. त्यामुळे मालकाला फसवणे अवघड होते.

इंधनातल्या फसवणुकीचे मूळ मात्र फिल्टरच्या आवाक्याबाहेर होते. रेशनवरचे स्वस्त निळे रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळले जाई. ते इंधनात पूर्ण विरघळत असल्याने कागदातून आरपार जाई आणि इंजिन ठोके देऊ लागे. फिल्टरमधले चार थेंब गाळणकागदावर टाकले, तर शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते, भेसळीचा तेलकट डाग उरतो. ही चाचणी पंपावर मागण्याचा हक्क ग्राहकाला आजही आहे, पण तो बजावणारे थोडे. भेसळीच्या या धंद्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

नव्वदचे दशक संपता संपता फिल्टरचे चित्र पालटले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने राजधानी परिसरात प्रदूषणाची युरो मानके लागू झाली आणि २००० पासून कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआय इंधन-फवारणीने घेतली. हवा त्यामुळे सुधारली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र इंधनाचा दाब सुमारे पाव बारवरून साधारण तीन बारवर गेला. फिल्टर धातूच्या डब्यात बंद होऊन गाडीच्या पोटाखाली गेला. तो बदलायचा तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे लागते, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी लागते आणि सांध्याचे वॉशर नवे घालावे लागतात. तरीही काळजीपूर्वक काम करणाऱ्याला हे घरी जमत होते.

पुढे फिल्टर टाकीच्या आतच गेला. सांधे कमी झाले, वाफेची गळती घटली, जोडणी सोपी झाली. मालकाच्या वाट्याला मात्र महागडा पंप-संच आला. अनेक गाड्यांत त्यासाठी मागचे आसन उचलून टाकी उघडावी लागते. पेट्रोलच्या वाफा बंद जागेत साचत असल्याने हे काम घरी करू नये. डिझेल मोटारींत फिल्टर अजून बाहेर असतो. त्यातले पाणी तळाच्या बोल्टमधून काढता येते आणि नवा फिल्टर बसवल्यावर हातपंपाने आत शिरलेली हवा काढता येते. पेट्रोल गाडीच्या मालकाकडून काढून घेतलेली सोय डिझेलवाल्याकडे आजही शाबूत आहे, म्हणजे ती देणे अशक्य नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंधनात गंधक दहा लाखांत १० भागांवर आले. पण पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरणारे पावसाचे पाणी या मानकाने थांबत नाही, आणि इथेनॉलमुळे त्याचा धोका वाढतो. म्हणून टाकीतला फिल्टर आयुष्यभर पुरेल असे गृहीत धरणे चूक आहे. उत्पादकांनी तो किती किलोमीटरनंतर तपासायचा ते पुस्तिकेत छापावे, पंप-संचाशिवाय सुटा विकावा आणि नव्या गाड्यांत बाहेरून बदलता येणारा दुसरा फिल्टर द्यावा. जुन्या गाड्यांत जिथे तो अजून बाहेर आहे, तिथे मालकाने पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न पाहता इथेनॉल मिसळलेले नवे इंधन सुरू झाल्यावर एकदा लवकर बदलावा आणि उतरवलेला कापून आत काय साठले ते पाहावे.