सिक्स्थ फॉर्ममधील चित्रपट व माध्यम शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा आटोपल्यावर विद्यार्थी सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांत प्रवेश करतो. आणि तेथे ए लेव्हल परीक्षेसाठी निवडावयाच्या विषयांत एखाद्या मुलाने वा मुलीने चित्रपट अभ्यासाचे किंवा माध्यम अभ्यासाचे नाव घातले, की तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनही काळजीचा सूर उमटतो. ही काळजी वात्सल्यापोटी असली, तरी तिचा आधार बहुधा ऐकीव असतो. म्हणून अभ्यासक्रमाचा तपशील समोर ठेवून तिचे निरसन करणे उचित होय.

गैरसमज : हा विषय सोपा, चित्रपट पाहिले की काम झाले.
वस्तुस्थिती : ए लेव्हलमध्ये या दोन्ही विषयांचे ७० टक्के गुण लेखी परीक्षेचे असतात. एज्युकास या परीक्षामंडळाच्या चित्रपट अभ्यासात प्रत्येकी अडीच तासांच्या दोन प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात आणि त्यांसाठी जुन्या हॉलिवूडपासून समकालीन ब्रिटिश चित्रपटापर्यंत, मूकपटापासून माहितीपट व प्रायोगिक चित्रपटापर्यंत, ११ कलाकृतींचे सूक्ष्म परिशीलन अपेक्षित असते. माध्यम अभ्यासात तर रोलां बार्थ यांची चिन्हमीमांसा, स्टुअर्ट हॉल यांचा प्रतिनिधित्वाचा सिद्धांत आणि बेल हुक्स यांची स्त्रीवादी विचारसरणी जाणून घेऊन, समोरचे वृत्तपत्र वा जाहिरात कोणाच्या मालकीची, कोणासाठी रचलेली आणि कोणाला वगळणारी आहे, याचा साधार निर्णय विद्यार्थ्याला लिहून द्यावा लागतो. ज्याला हे सोपे वाटते, त्याने अशी एक उत्तरपत्रिका लिहून पाहावी.

गैरसमज : येथे दिवसभर कॅमेरा हाती असतो.
वस्तुस्थिती : ए लेव्हलमध्ये निर्मितीच्या वाट्याला ३० टक्के गुण येतात. एज्युकासच्या चित्रपट अभ्यासात विद्यार्थी चार ते पाच मिनिटांचा लघुपट करतो, किंवा १६०० ते १८०० शब्दांची पटकथा लिहून तिच्यातील महत्त्वाच्या भागाचा छायाचित्रांकित स्टोरीबोर्ड जोडतो. आणि दोन्ही पर्यायांत स्वतःच्या कृतीचे तितक्याच शब्दांचे मूल्यमापन त्याला सादर करावे लागते. ज्याचा ओढा मुख्यतः प्रत्यक्ष निर्मितीकडे आहे, त्याच्यासाठी व्यावसायिक स्वरूपाचे बीटेक अभ्यासक्रम (हे आपल्याकडील अभियांत्रिकी पदवीहून सर्वस्वी भिन्न) अधिक योग्य ठरतात.

गैरसमज : पुढे विद्यापीठाचे दरवाजे बंद होतात.
वस्तुस्थिती : विद्यापीठप्रवेशाचे काम पाहणाऱ्या यूकास या संस्थेच्या गुणांकपद्धतीत 'ए' श्रेणीचे मोल इतिहासात आणि चित्रपट अभ्यासात सारखेच, म्हणजे ४८ गुणांक, धरले जाते. प्रतिष्ठित विद्यापीठांच्या रसेल समूहाने विशिष्ट विषयांना झुकते माप देणारी आपली यादी २०१९ साली मोडीत काढली. मात्र वैद्यकाला रसायनशास्त्र वा जीवशास्त्र आणि अभियांत्रिकीला गणित बहुधा अनिवार्य असल्याने, उरलेल्या विषयांची निवड ध्येय पाहून करावी.

गैरसमज : हे धनिकांच्या मुलांचे शिक्षण.
वस्तुस्थिती : तेथील सरकारी सिक्स्थ फॉर्ममध्ये शिक्षणशुल्क नसते. क्रॉयडनचे १९९१ साली सुरू झालेले ब्रिट स्कूल आणि बार्बरा ब्रॉकली, डेव्हिड हेमन आदी निर्मात्यांच्या पुढाकाराने २०१९ साली उघडलेली लंडन स्क्रीन अकॅडमी, या कला व चित्रपट शिक्षणाच्या दोन्ही नामांकित संस्था सरकारी अनुदानावर चालतात.

गैरसमज : दिग्दर्शक झाला नाही, तर शिक्षण वाया गेले.
वस्तुस्थिती : चित्रपट हा अनेक कसबांचा समवाय आहे, ध्वनिलेखन, संकलन, प्रकाशयोजना, वेशभूषा, हिशेब, चित्रीकरणस्थळांची तजवीज, यांपैकी प्रत्येक खात्याला जाणते मनुष्यबळ लागते. १९१२ साली लंडनला गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत निर्मितीची विविध अंगे पाहून घेतली, आणि त्या समग्र ज्ञानाच्या बळावरच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

तेव्हा पालकांना आग्रहाची विनंती ही, की विषयाच्या नावावरून निवाडा न करता संबंधित शाळेकडून परीक्षामंडळाचा अभ्यासक्रम मागवून घ्यावा, त्यातील लेखी व प्रात्यक्षिक गुणांची विभागणी मुलांसमवेत वाचावी, आणि मगच होकार वा नकार द्यावा.