लाँच लांबला? बरं झालं की!

प्री-बुकिंग केलंय, ग्रुपवर सांगून झालंय आणि ऐनवेळी कंपनी म्हणते, 'लाँच पुढे ढकललाय'. वैताग येतोच ना? पण थांबा, सॅमसंग गॅलेक्सी फोल्डची गोष्ट ऐका. किंमत १,९८० डॉलर. २६ एप्रिल २०१९ला अमेरिकेत विक्री सुरू होणार होती. यंत्राने हा फोन तब्बल २ लाख वेळा उघडून-मिटून तपासला होता. तरीही रिव्ह्यूसाठी दिलेल्या काही फोनचे स्क्रीन काही दिवसांतच बिघडले. काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलली. ती डिस्प्लेचाच भाग होती! एका फोनमध्ये तर आत कचरा सापडला. यंत्र फक्त घडी घालत होतं. ते ना नखाने काही सोलतं, ना फोन धुळीच्या खिशात ठेवतं.

कंपनीने विक्री थांबवली. फिल्मच्या कडा फ्रेमखाली नेल्या, बिजागरीजवळच्या फटी झाकल्या आणि सप्टेंबरमध्ये फोन बाजारात आणला. कंपनीचं हसं झालं खरं, पण तो कच्चा फोन ग्राहकांच्या गळ्यात पडला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लाँच लांबला, तर ट्रोल करण्याआधी एवढंच विचारा: बिघाड नेमका कुठे सापडला आणि आता काय बदलताय? उत्तर मिळालं, तर थांबा. पैसे तुमचेच आहेत!