लॅपटॉपचा ताप आणि पंख्याचा आवाज

रात्रीचे अकरा वाजले आहेत. घरांतील दिवे मालवले गेले आहेत, आणि आंतल्या खोलींतून एकाएकीं घोंघावल्यासारखा आवाज येऊं लागतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारा मुलगा खेळांसाठीं मुद्दाम घेतलेल्या आपल्या लॅपटॉपसमोर बसलेला असतो. "अरे, तें विमान आतां खालीं उतरव," असें वडील बाहेरून म्हणतात. आणि "हो बाबा," म्हणून मुलगा पंख्याचा वेग कमी करून टाकतो. आवाज थांबतो, घर झोपीं जातें. परंतु दहा मिनिटांत पडद्यावरील खेळ अडखळूं लागतो, आणि चार दिवसांनीं तोच मुलगा दुकानदाराकडे तक्रार घेऊन जातो कीं, एवढे पैसे मोजून घेतलेलें यंत्र सदोष निघालें. वस्तुतः यंत्र निर्दोष असतें. चूक झालेली असते ती पंखा आणि उष्णता यांचें नातें ओळखण्यांत. हें नातें नीट उमगलें, तर वडिलांची झोप आणि मुलाचा खेळ हीं दोन्ही साधतात, व दुरुस्तीचा व्यर्थ खर्चहि वांचतो.

पहिली गोष्ट अशी कीं, पंखा थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो केवळ आंतील उष्णता बाहेर नेऊन टाकतो. मग ही उष्णता येते कोठून? तारेंतून विजेचा प्रवाह गेला कीं तींत उष्णता उत्पन्न होते, हें इंग्लंडमधील जूल या शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास प्रयोगांनीं दाखवून दिलें. संगणकाच्या चिपमध्यें अब्जावधि सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. त्यांपैकीं पुष्कळ एका सेकंदांत कोट्यवधि वेळां उघडझाप करतात, आणि दर उघडझापीला थोडी वीज खर्चीं पडते. ही वीज अखेरीस उष्णता होऊनच बाहेर येते. चिपनें केलेलें गणित कितीहि मोलाचें असो, विजेच्या हिशेबांत तिची गणना शेगडींतच करावी लागते.

खेळाच्या लॅपटॉपमध्यें अशा दोन शेगड्या शेजारीं शेजारीं असतात. एक म्हणजे सर्व कारभार पाहणारा प्रोसेसर, आणि दुसरी म्हणजे पडद्यावरील चित्रें रेखाटणारी ग्राफिक्स चिप. एन्व्हीडिया कंपनीनें २०२३ सालीं लॅपटॉपसाठीं काढलेल्या आर. टी. एक्स. ४०६० या चिपची विजेची मर्यादा लॅपटॉपच्या घडणीप्रमाणें ३५ ते ११५ वॅट असते. त्याच मालिकेंतील ४०९० या चिपची ८० ते १५० वॅट असते. प्रोसेसरचे ४५ किंवा त्याहून अधिक वॅट यांत निराळे मिळवावे लागतात. ज्यांस जुना १०० वॅटचा पिवळा दिवा आठवत असेल, त्यांनीं असे दीड-दोन दिवे दोन बोटें जाडीच्या बंद पेटींत तासन् तास जळत आहेत, अशी कल्पना करून पाहावी. म्हणजे पंखा इतका आकांत कां करतो तें ध्यानांत येईल.

चिपपासून बाहेरच्या हवेपर्यंत उष्णतेचा प्रवास टप्प्याटप्प्यानें होतो. चिपच्या पाठीवर उष्णतावाहक लेप असतो, त्यावर तांब्याची पट्टी, आणि पट्टीला जोडलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्या. या नळ्यांस हीट पाइप म्हणतात. नळी दिसते भरींव, पण आंतून ती पोकळ असते. तींतील हवा काढून घेऊन अगदीं थोडें पाणी ठेवलेलें असतें. हवेचा दाब नसल्यामुळें तें कमी उष्णतेंतच उकळतें. वाफ नळीच्या थंड टोंकाकडे धांवते, तेथें उष्णता टाकून पुन्हां पाणी होते, आणि नळीच्या आंतील सच्छिद्र अस्तरांतून, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, तें पाणी परत चिपकडे येतें. या युक्तीचें पेटंट अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या गॉगलर यांस १९४४ सालींच मिळालें होतें. पण तिचा उपयोग खऱ्या अर्थानें सुरू झाला तो १९६३ सालीं लॉस ॲलामॉस येथील ग्रोव्हर यांनीं ती स्वतंत्रपणें सिद्ध केल्यावर. नळीच्या थंड टोंकाला धातूच्या पातळ पापुद्र्यांची जाळी असते, आणि त्या जाळींतून हवा लोटणारा पंखा हा या साखळींतील शेवटचा दुवा होय. साखळींतील कोणताहि दुवा अडला तरी शिक्षा मात्र पंख्यालाच भोगावी लागते.

आतां तापमानाविषयीं. चिपचें तापमान ८५ अंश सेल्सिअस झालें असें पाहून पुष्कळांच्या पोटांत गोळा येतो. परंतु माणसाच्या तापाचें मोजमाप यंत्रास लावतां येत नाहीं. लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान ठरविलेली असते. ग्राफिक्स चिप साधारणपणें ऐंशींच्या घरांतच स्वतःस आवरूं लागते. मर्यादा गांठतांच चिप आपला वेग आपण होऊन कमी करते, म्हणजे उष्णताहि कमी होते. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर यंत्र स्वतःला बंद करून घेतें. आरंभीं सांगितलेल्या मुलाचा खेळ अडखळला तो याच कारणानें. पंखा दाबला गेला, उष्णता सांचली, आणि चिपनें पाय आंखडते घेतले. यंत्रानें आपला बचाव केला, आणि तेंच सदोष ठरलें!

मग पंखा सदैव पूर्ण वेगानें फिरवावा काय? येथें पंख्याचे नियम आडवे येतात. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट वाहते. पण त्यासाठीं लागणारी शक्ति मात्र आठपट होते, आणि आवाज सुमारें १५ डेसिबलनें वाढतो. हवा दुप्पट झाली म्हणून तापमान निम्मे होत नाहीं, कारण लेप, नळी व जाळी यांचा अडथळा पूर्वीइतकाच राहतो. वेगाच्या शेवटच्या टप्प्यांत चार-पांच अंशांच्या लाभासाठीं सारें घर जागें करावें लागतें. म्हणून उपायांचा क्रम असा असावा: प्रथम उष्णतेची उत्पत्ति कमी करावी, नंतर तिची वाट मोकळी करावी, आणि सर्वांत शेवटीं पंख्याकडे वळावें. सामान्यतः लोक नेमका उलट क्रम धरतात.

उत्पत्ति कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चित्रांच्या संख्येवर मर्यादा घालणें. खेळ म्हणजे भराभर रेखाटलेल्या स्थिर चित्रांची मालिका. एका चित्रास फ्रेम म्हणतात. पडदा सेकंदाला ६० चित्रें दाखवीत असतांना चिप २०० चित्रें रेखाटीत असेल, तर वरील १४० चित्रांनीं डोळ्यांस फारसें कांहीं मिळत नाहीं. खोली मात्र तापते. २०१० सालीं ब्लिझर्ड कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाचा दुसरा भाग निघाला, तेव्हां हाच प्रकार उघडकीस आला. ज्या साध्या पडद्यांवर कांहींच विशेष घडत नसे, तेथें चित्रसंख्येस मर्यादा नसल्यामुळें कित्येकांचीं यंत्रें अतिशय तापलीं, आणि शेवटीं खेळाच्या मांडणींत मर्यादेच्या दोन ओळी घालण्याचा उपाय कंपनीनेंच सुचविला. आज बहुतेक खेळांत व ग्राफिक्स चिपच्या नियंत्रणांत ही मर्यादा ठरविण्याची सोय असते. ती ६० वर आणून ठेवली, तर पुष्कळ खेळांत पंखा आपोआप शांत होतो.

दुसरा मार्ग चिपच्या विजेशीं संबंधित आहे. चिपचा खर्च तिच्या वेगाच्या प्रमाणांत, आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग १० टक्के वाढविण्यासाठीं दाबहि १० टक्के वाढवावा लागला, तर उष्णता सुमारें ३३ टक्के वाढते. अर्थात्, शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, आणि तो सोडला तर बचतहि तशीच मोठी होते. विंडोज प्रणालीच्या विजेच्या मांडणींत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजीं ९९ टक्के केली, कीं बहुतेक प्रोसेसरांची क्षणिक उसळी बंद होते व तापमान लक्षांत येईल इतकें उतरतें. ज्या खेळांत प्रोसेसरवरच भार असतो, त्यांत मात्र गति थोडी घटते. याहून सोपें म्हणजे कंपनीनें दिलेल्या कार्यरीति वापरणें. लेनोव्होच्या लीजन यंत्रांत एफ. एन. व क्यू. हीं बटणें एकत्र दाबून शांत, समतोल आणि वेगवान अशा रीति बदलतां येतात. इतर कंपन्यांच्या यंत्रांतहि अशा सोयी असतात. केवळ विजेचा दाब कमी करण्याची युक्ति जाणकारांस प्रिय आहे. पण २०१९ च्या डिसेंबरांत ‘प्लंडरव्होल्ट’ नांवाचा सुरक्षेंतील दोष प्रसिद्ध झाल्यानंतर इंटेल प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपांत ती वाट बंद करण्यांत आली. ग्राफिक्स चिपसाठीं ती पुष्कळ ठिकाणीं अद्याप खुली आहे.

आतां वाट मोकळी करण्याविषयीं. अशा लॅपटॉपांत बहुधा हवा तळांतून आंत ओढली जाते, आणि मागील व बाजूच्या जाळ्यांतून बाहेर फेंकली जाते. गादीवर किंवा गोधडीवर यंत्र ठेवणें म्हणजे त्याचें नाक दाबून धांवावयास लावण्यासारखें आहे. सपाट टेबलावर, मागची बाजू दोन बोटें उंच करून आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवलें, तर एक पैहि खर्च न होतां फरक दिसतो. मांडीवर ठेवण्याचा मोह तर अवश्य टाळावा. २०१० सालीं ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय मासिकांत स्वित्झर्लंडमधील एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. कित्येक महिने रोज कांहीं तास तो मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळत असे, आणि त्याच्या डाव्या मांडीच्या कातडीवर जाळीसारखे डाग उमटले. चटका बसण्याइतकी उष्णता नव्हती. पण ती रोजची होती.

धूळ हा दुसरा शत्रु. पंख्यापुढच्या बारीक जाळींत कापसाच्या तंतूंची व केसांची जणूं लोकर विणली जाते. सहा-बारा महिन्यांनीं ती साफ करावी. यंत्र पूर्ण बंद करून, आणि हवेचा झोत मारतांना पंख्याचीं पातीं अलगद धरून, म्हणजे तीं भलत्याच वेगानें फिरणार नाहींत. कांहीं वर्षांनीं लेपहि वाळतो; तो बदलण्याचें काम सराईत माणसाकडेच सोंपवावें. ऋतूचा हिशेबहि विसरूं नये. खोलीचें तापमान दहा अंशांनीं चढलें, तर त्याच कामासाठीं चिपचें तापमानहि जवळजवळ तितकेंच चढूं पाहतें. नागपुरास जानेवारींत जी मांडणी उत्तम चालली, ती मे महिन्यांत अपुरी पडली, तर त्यांत यंत्राचा दोष नाहीं. छताचा पंखा घाम वाळवून माणसास गार करतो, पण खोलींतील हवा तो थंड करीत नाहीं, हेंहि येथें आठवावें.

एवढें झाल्यावरच पंख्याच्या वेगाकडे वळावें. कंपनीची सोय असेल तेथें तापमान व वेग यांची चढती रेषा आंखतां येते: ५० अंशांखालीं मंद, ७० च्या आसपास मध्यम, ८५ ला बराच, आणि ९० पलीकडे पूर्ण. या रेषेंत एकदम उंच पायरी ठेवूं नये. कान एकसारख्या आवाजास सरावतो. पंखा दर मिनिटाला चढूं-उतरूं लागला, म्हणजे मात्र तो जिवावर येतो. म्हणून ७० अंशांवर वाढलेला वेग ६५ अंश होईपर्यंत उतरूं नये, अशी थोडी ढिलाई ठेवावी. पंखा पूर्ण बंद ठेवण्याचा हट्ट धरूं नये, आणि यंत्राच्या अंतर्गत नियंत्रणांत ढवळाढवळ करणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांपासून दूर राहावें.

परीक्षा कशी घ्यावी? ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या कार्यक्रमांत तापमानाचे आंकडे दिसतात. एका वेळीं एकच बदल करावा, तोच खेळ वीस मिनिटें खेळावा, आणि खोलीचें तापमान, दोन्ही चिपांचें तापमान व फ्रेमची संख्या वहींत टिपून ठेवावी. चार संध्याकाळींत जें कळतें, तें दुकानाच्या चार खेपांत कळत नाहीं.

आरंभींच्या घरांतील मुलानें फ्रेमची मर्यादा ६० वर आणली, यंत्र गादीवरून टेबलावर नेलें, मागें एक जुना शब्दकोश जाळी मोकळी ठेवून सरकवला, आणि समतोल कार्यरीति धरली, असें समजूं. आवाज अगदीं नाहींसा होणार नाहीं. दार लोटून घेतलें तर बाहेर ऐकूं येणार नाहीं, इतका तो उरेल. अकरानंतर वडिलांनीं हांक मारलीच, तर ती पंख्यासाठीं नसेल. सकाळीं लवकर उठावयाचें आहे, याची आठवण देण्यासाठीं असेल.