हडसन बे कंपनी अभिलेखागार

हडसन बे कंपनी अभिलेखागार हा कॅनडातील मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग येथे जतन केलेला ऐतिहासिक दस्तऐवजांचा संग्रह आहे. तो मॅनिटोबा अभिलेखागाराचा एक विभाग आहे. उत्तर अमेरिकेच्या उत्तर व पश्चिम भागातील सीमावर्ती प्रदेशाच्या इतिहासासाठी, विशेषतः रूपर्ट्‌स लँडसाठी, हे दप्तर प्रमुख साधन मानले जाते. २००७ साली युनेस्कोने त्याचा समावेश 'जागतिक स्मृती' नोंदवहीत केला.

पार्श्वभूमी

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २ मे १६७० रोजी कंपनीला सनद दिली. हडसन सामुद्रधुनीतून समुद्राला मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांत व्यापाराचा एकाधिकार या सनदेने कंपनीला मिळाला. कंपनीचा पहिला गव्हर्नर राजपुत्र रूपर्ट याच्या नावावरून या प्रदेशाला रूपर्ट्‌स लँड हे नाव पडले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर होते. तेथे क्री, डेने, इनुइट आदी मूलनिवासी समाज पूर्वीपासून राहत होते. सनद देताना त्यांची संमती घेण्यात आली नव्हती. १५ जुलै १८७० रोजी हा प्रदेश कॅनडाकडे हस्तांतरित झाला व त्यापोटी कंपनीला ३ लाख पौंड मिळाले.

दप्तराचे स्वरूप

कंपनीचे संचालक लंडनमध्ये आणि व्यापार महासागरापलीकडे, अशी स्थिती असल्याने कारभार लेखी अहवालांवर चालत असे. प्रत्येक ठाण्याच्या प्रमुखाला रोजनिशी, पत्रव्यवहार आणि हिशेब लिहून जहाजाने लंडनला पाठवावे लागत. या शिस्तीमुळे दप्तर मोठ्या प्रमाणात टिकून राहिले. लंडनमधील सभांची इतिवृत्ते १६७१ पासून, तर ठाण्यांच्या रोजनिश्या अठराव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध आहेत.

संग्रहाची विभागणी विषयवार आहे. मुख्यालयाची कागदपत्रे, ठाण्यांच्या नोंदी, जहाजांच्या नोंदवह्या, गव्हर्नरांची कागदपत्रे आणि नकाशे यांचे स्वतंत्र विभाग आहेत. १८२१ मध्ये कंपनीत विलीन झालेल्या नॉर्थ वेस्ट कंपनीचे काही दप्तरही येथे आहे. हिशेबवह्यांत रोख चलनाऐवजी 'मेड बीव्हर' हे एकक आढळते. उत्तम प्रतीचे एक बीव्हरचे कातडे हे त्याचे प्रमाण असून बंदुका, कांबळी, किटल्या यांच्या किमती त्यात मांडल्या जात.

स्थलांतर

अभिलेख अनेक दशके लंडनमध्येच होते. निवडक दस्तऐवज प्रसिद्ध करण्यासाठी १९३८ साली हडसन बे रेकॉर्ड सोसायटी स्थापन झाली. १९७४ मध्ये संपूर्ण दप्तर दीर्घ मुदतीच्या कराराने विनिपेगला आणण्यात आले आणि १९९४ मध्ये कंपनीने ते मॅनिटोबा प्रांताला दान केले. त्यामुळे २०२५ साली कंपनी आर्थिक डबघाईला येऊन तिची दुकाने बंद झाली, तरी हे दप्तर सार्वजनिक मालकीचेच राहिले.

संशोधनातील उपयोग

मूळ हेतू नफ्या-तोट्याचा हिशेब हा असला, तरी या नोंदींचा उपयोग त्यापलीकडे झाला आहे. ठाणेदार नदी गोठल्याची व बर्फ फुटल्याची तारीख टिपून ठेवत. त्यांवरून हवामान-इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या हिवाळ्यांचे स्वरूप मांडले. कातड्यांच्या वार्षिक आवकेवरून परिस्थितिकीशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी लिंक्स या प्राण्याच्या संख्येत सुमारे दहा वर्षांनी येणारे चढउतार दाखवले. १७८१-८२ च्या देवीच्या साथीची वाटचालही कंबरलँड हाउस व यॉर्क फॅक्टरी येथील लेखनातून समजते.

थॅनाडेल्थर या डेने स्त्रीचे कार्य मुख्यत्वे यॉर्क फोर्टचा प्रमुख जेम्स नाइट याच्या रोजनिशीमुळे लिखित इतिहासात उरले आहे. तिने १७१५-१६ मध्ये क्री व डेने यांच्यात समेट घडवण्यात पुढाकार घेतला. ५ फेब्रुवारी १७१७ रोजी तिचा मृत्यू झाला. डेने समाजाच्या मौखिक परंपरेतही तिच्या कथा आहेत. मेती व अन्य मूलनिवासी कुटुंबांचे वंशज आपल्या पूर्वजांचा शोध घेण्यासाठी सेवकांच्या नोंदी व रेड रिव्हर वसाहतीची जनगणनापत्रके वापरतात.

मर्यादा

बहुतेक मजकूर कंपनीच्या पुरुष सेवकांनी वरिष्ठांसाठी लिहिला आहे. त्यात मूलनिवासी स्त्री-पुरुषांचा उल्लेख अनेकदा नावाशिवाय, केवळ गिऱ्हाईक, शिकारी किंवा वाटाड्या म्हणून येतो. ठाण्यापासून दूर घडलेल्या घटना ऐकीव स्वरूपात नोंदल्या गेल्या आहेत. काही दस्तऐवजांत मात्र मूलनिवासींचे ज्ञान थेट उमटलेले दिसते. ब्लॅकफूट प्रमुख अॅक को मोक की याने १८०१ मध्ये सर्वेक्षक पीटर फिडलर याच्यासाठी काढलेला मिसूरी नदीच्या उगमाकडील प्रदेशाचा नकाशा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या मर्यादांमुळे आधुनिक संशोधक लेखी नोंदी मौखिक परंपरेशी पडताळून वापरतात.