व्यावसायिक फुटबॉल संघाची शहरनिवड (भारत)

व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत नव्या संघासाठी शहर निश्चित करण्याच्या प्रक्रियेस शहरनिवड असे म्हणता येईल. भारतात नवा संघ दोन मार्गांनी येतो: निविदेद्वारे थेट प्रवेश मिळवून किंवा खालच्या स्तरावरून बढती मिळवून. पहिल्या मार्गात संघाचे हक्क शहराला नव्हे, तर त्या शहराच्या नावाने बोली लावणाऱ्या उद्योगसमूहाला मिळतात.

== निविदा ==
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा व्यावसायिक करार केला. त्यातून पुढे इंडियन सुपर लीग उभी राहिली. एप्रिल २०१४ मध्ये आठ यशस्वी बोलीदारांची नावे जाहीर झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व पुणे ही शहरे होती. यशस्वी शहरांपैकी बंगळूर पुढे मागे पडले आणि त्याच्या जागी चेन्नईला संघ मिळाला. स्पर्धेचा पहिला सामना १२ ऑक्टोबर २०१४ रोजी झाला.

२०१७ मधील विस्ताराच्या वेळी दहा शहरांसाठी बोली मागवण्यात आल्या. बंगळूरचा संघ जेएसडब्ल्यूला व जमशेदपूरचा टाटा स्टीलला मिळाला. अमेरिकेतील मेजर लीग सॉकरमध्येही अशीच पद्धत आहे. तेथे नवा संघमालक लीगला मोठे प्रवेशशुल्क देतो.

== मैदान ==
बोली लावताना वापरण्याजोगे मैदान दाखवणे महत्त्वाचे असते. प्रकाशझोत, प्रेक्षकांची आसनव्यवस्था, हिरवळीची निगा आणि प्रक्षेपणाची सोय यांवर मैदानाची योग्यता ठरते. भारतात मोठी मैदाने बहुधा शासकीय किंवा संस्थांच्या मालकीची असल्याने संघ ती भाड्याने वापरतात. एफसी गोवाचे सामने मडगावजवळील फातोर्डा येथील शासकीय मैदानावर होतात. मुंबई सिटी एफसीने आरंभी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदान वापरले व २०१६ पासून अंधेरी येथील मैदान स्वीकारले. जमशेदपूरमध्ये मात्र जेआरडी टाटा क्रीडासंकुल ही टाटा स्टीलचीच वास्तू होती.

== पुण्याचे उदाहरण ==
पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले. फुटबॉलचे मैदान धावपट्टीने वेढलेले असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर बसतात. या संकुलात तीन व्यावसायिक संघ खेळले.

* '''पुणे एफसी''': २००७ मध्ये स्थापना. दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये बढती. २०१२-१३ मध्ये उपविजेता.
* '''भारत एफसी''': कल्याणी समूहाचा संघ. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये निविदेद्वारे थेट प्रवेश.
* '''एफसी पुणे सिटी''': २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी.

पहिल्या दोन संघांचा प्रवास २०१५ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक कारणांमुळे बंद पडला व त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. याच हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. मैदान व प्रेक्षक पुण्यातच राहिले. मात्र संघाचे हक्क मालकाकडे असल्याने शहराला ते राखता आले नाहीत. संघ मिळवणे व टिकवणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

== बढतीचा मार्ग ==
२०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्यास इंडियन सुपर लीगमध्ये बढती देण्याची तरतूद झाली. तिचा पहिला लाभ पंजाबच्या संघास झाला. त्यानंतर कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग वर आला. निविदेत भांडवल निर्णायक ठरते, तर या मार्गात मैदानावरील कामगिरीही तितकीच मोजली जाते. वाशीम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या गावासाठी निविदेचा मार्ग व्यवहारतः बंद आहे. स्थानिक क्लब, राज्य पातळीवरील स्पर्धा व त्यानंतर राष्ट्रीय श्रेणी अशी पायरीपायरीची वाट नियमानुसार खुली असली, तरी प्रत्येक पायरीवर मैदान, प्रशिक्षक व प्रवासखर्च यांची तरतूद करावी लागते.